ड्रॅसीना

शतावरी कुलातील (ॲस्परॅगेसी) एकदलिकित (बीजात एकच दल असलेल्या) वृक्ष व झुडपांची एक प्रजाती (जातींचा गट). जुन्या ग्रंथांत ती पलांडू किंवा घायपात कुलात घातलेली आढळते. बहुतेक जाती आफ्रिकेत असून उरलेल्या दक्षिण आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आणि मोजक्या मध्य अमेरिका व क्यूबात आहेत. सॅन्सेव्हिएरिया (‘स्नेक प्लांट’) ही प्रजाती डीएनए-पुराव्यावरून अलीकडे हिच्यातच विलीन करण्यात आली. उद्यानतज्ज्ञ जुने नाव सोडायला तयार नाहीत; मात्र वंशसंबंध पाहता विलीनीकरण टाळणे कठीण दिसते. दिसायला सारख्या कॉर्डिलाइन या प्रजातीशी हिची नेहमी गल्लत होते. ड्रॅसीनाच्या किंजपुटाच्या (फुलातील ज्या भागाचे फळ बनते त्याच्या) प्रत्येक कप्प्यात एकच बीजक (ज्याचे बी बनते तो भाग) असते, कॉर्डिलाइनमध्ये अनेक.

एकदलिकितांत विरळ असलेली द्वितीयक वाढ (खोडाची जाडी वाढणे) येथे होते. खोडाच्या परिघाजवळील विभज्येपासून (सतत विभागणाऱ्या पेशींच्या थरापासून) आतील बाजूस नवे वाहक वृंद (पाणी व अन्न वाहणाऱ्या नलिकांचे जुडगे) बनत जातात व खोड जाड होते. पण विश्वसनीय वार्षिक वलये उमटत नाहीत. त्यामुळे जुन्या वृक्षांच्या वयाचा वाद मिटत नाही. कॅनरी बेटांतील ड्रॅ. (ड्रॅसीना) ड्रॅको या जातीचा टेनेरीफ बेटावरील ओरोताव्हा येथील प्रचंड वृक्ष जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्ट यांनी १७९९ मध्ये पाहिला. तो सहा हजार वर्षांचा असल्याचा समज पुढे रूढ झाला. तो वृक्ष एकोणिसाव्या शतकातच वादळात नष्ट झाला. टेनेरीफमधील ईकोद येथील वृक्षही ‘सहस्रवर्षीय’ म्हणवतो. या जातीत फुलोरा आल्यावर शेंड्याची वाढ थांबून फांद्या फुटतात. फुलोऱ्यांमधील अंतर साधारण दहा-पंधरा वर्षे धरून फाट्यांचे थर मोजल्यास वय काही शतकांपलीकडे जात नाही. हे अंतर स्थिर नसते, हे खरे. तरीही हाच अंदाज अधिक ग्राह्य वाटतो.

हिरादखण ही लाल राळ ड्रॅ. ड्रॅको व अरबी समुद्रातील सोकोत्रा बेटावरील ड्रॅ. सिनॅबारी यांपासून मिळते. इ. स. पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापारवर्णनाच्या ग्रंथात त्या बेटावर झाडांतून थेंबाथेंबाने गोळा होणाऱ्या ‘भारतीय’ हिंगुळाचा (एरवी हे लाल खनिजाचे नाव) उल्लेख आहे. तो हाच पदार्थ असावा. आग्नेय आशियातील वेताच्या फळांपासूनची राळही याच नावाने विकली जात असल्याने जुन्या नोंदींतील हिरादखण नेमकी कोणती, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

घरात ड्रॅ. फ्रॅग्रन्स, मादागास्करकडील अरुंद पानांची ड्रॅ. मार्जिनाटा व ‘लकी बांबू’ म्हणून विकली जाणारी मध्य आफ्रिकेतील ड्रॅ. सँडेरियाना लावतात. ही शेवटची बांबू नव्हे. पाण्यातील फ्लोराइडने पानांची टोके करपतात. पानांतील सॅपोनिने (साबणासारखी फेसाळणारी द्रव्ये) कुत्र्या-मांजरांना बाधतात.