तपकिरी मेदातील जनुकनियमन

तपकिरी मेद ही सस्तन प्राण्यांतील उष्णता निर्माण करणारी मेद ऊती. पांढऱ्या मेदाचे काम मुख्यतः ऊर्जा साठवण्याचे, तर तपकिरी मेदाचे ती जाळण्याचे. पांढऱ्या मेदपेशीत चरबीचा एकच मोठा थेंब असतो. तपकिरी पेशीत बारीक बारीक अनेक थेंब आणि त्यांच्या आजूबाजूला दाटीवाटीने तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे) असतात. या तंतुकणिकांतील लोहयुक्त प्रथिनांमुळे आणि भरपूर रक्तवाहिन्यांमुळे ऊतीला तपकिरी रंग येतो. स्विस निसर्गअभ्यासक कोनराड गेसनर यांनी १५५१ मध्ये मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यात तिचे वर्णन केले होते. नवजात बालकात ती पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये ठळक असते. थरथरून ऊब मिळवण्याची क्षमता बाळात पुरेशी नसल्याने थंडीत तिचाच आधार असतो. प्रौढांत ही ऊती जवळजवळ नसतेच, असे दीर्घकाळ मानले जाई. २००९ मध्ये बोस्टन, मास्ट्रिक्ट आणि तुर्कू येथील तीन गटांनी पेट स्कॅनच्या (कोणती ऊती किती साखर ओढते ते दाखवणाऱ्या चित्रणाच्या) आधारे प्रौढांच्या मानेत, गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि कण्यालगत सक्रिय तपकिरी मेद दाखवला, आणि लठ्ठपणाच्या संशोधनात या विषयाला एकदम महत्त्व आले.

या ऊतीचे सारे वैशिष्ट्य यूसीपी-१ या एका प्रथिनात आहे. एरवी तंतुकणिका अन्नातील ऊर्जेने प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलतात आणि ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारे ऊर्जेचे चलन, तयार होते. यूसीपी-१ त्यांना परतीची आडवाट करून देते. धरणातले पाणी जनित्रातून न नेता सांडव्यावरून सोडावे, तसे. एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. १९३० च्या दशकात डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजन घटवण्यासाठी विकले जात होते. तेही हेच करते, पण शरीरातल्या प्रत्येक पेशीत आणि कोणत्याही नियंत्रणाविना. त्याने मोतीबिंदू झाले, माणसे दगावली आणि १९३८ च्या सुमारास अमेरिकेत ते बंद झाले. यूसीपी-१ मुख्यतः तपकिरी पेशींपुरतेच राहते आणि गरजेनुसार चालू-बंद होते. हे नियंत्रण जनुकाच्या पातळीवर कसे चालते, हा या नोंदीचा विषय आहे.

त्वचेला थंडी जाणवली की मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून अनुकंपी चेतातंतूंमार्फत तपकिरी मेदात नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडले जाते. उंदरात ते मुख्यतः बीटा-३ ग्राहकाला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि प्रोटीन कायनेज-ए हे विकर (एन्झाइम) जागे होते. पुढे दोन गोष्टी घडतात, आणि त्यांचा वेग सारखा नसतो. काही मिनिटांतच चरबीचे थेंब फुटून मेदाम्ले सुटतात. तीच जळण होतात आणि तीच पेशीत आधीपासून असलेल्या यूसीपी-१ वरचा अटकाव उठवतात. संदेश पेशीकेंद्रकापर्यंत गेल्यावर यूसीपी-१ जनुकाचे वाचन (त्यावरून प्रथिन बनवण्याचे काम) वाढते, पण नवे प्रथिन साचायला तास आणि दिवस लागतात. म्हणून ‘अमुक पदार्थाने यूसीपी-१ जनुक वाढले’ एवढ्यावरून चरबी जळाली असे म्हणता येत नाही. चेतातंतूंचा संदेश नसेल तर प्रथिन असूनही ते गप्प बसते. ‘चरबी जाळणाऱ्या’ पदार्थांच्या जाहिराती नेमके एवढेच सांगायचे विसरतात.

यूसीपी-१ जनुकाच्या वरच्या बाजूला, डीएनएच्या काही हजार अक्षरांच्या अंतरावर, वाचन वाढवणारे एक वर्धक क्षेत्र आहे. पीपार-गॅमा, थायरॉइड संप्रेरकाचा ग्राहक, रेटिनॉइक आम्लाचा ग्राहक अशी प्रथिने तेथे येऊन बसतात. १९९८ मध्ये सापडलेले पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन स्वतः डीएनएला चिकटत नाही, ते या प्रथिनांना जोडून त्यांची ताकद वाढवते. थंडीत त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि त्यासोबत नव्या तंतुकणिकाही तयार होऊ लागतात.

पेशीने मुळात तपकिरी व्हायचे की नाही, हे वेगळ्याच ठिकाणी ठरते. बोस्टनमध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत २००८ मध्ये असे दिसले की तपकिरी मेदाच्या पूर्वज पेशींतून पीआरडीएम-१६ हे प्रथिन काढले तर त्या स्नायूपेशी होतात. उलट स्नायूंच्या पूर्वज पेशींत ते घातले तर त्या तपकिरी मेदपेशी होतात. म्हणजे खांद्यामागचा हा मेद कुळाने पांढऱ्या चरबीपेक्षा स्नायूला जवळचा. पीआरडीएम-१६ सोबत ईएचएमटी-१ नावाचे विकर काम करते. ते हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, मिथिल गट लावून स्नायूंची जनुके मिटवून ठेवते. पांढऱ्या मेदात विखुरलेल्या काही पेशीही थंडीत यूसीपी-१ बनवू लागतात. त्यांना बेज पेशी म्हणतात. त्यांचे कूळ वेगळे, आणि थंडी सरली की त्या पुन्हा पांढऱ्यासारख्या दिसू लागतात.

लठ्ठपणाशी असलेला सर्वांत चर्चिलेला दुवा सोळाव्या गुणसूत्रावर आहे. २००७ मध्ये एफटीओ जनुकातील काही अक्षरबदल वजनाशी निगडित असल्याचे आढळले. दोन्ही पालकांकडून जोखमीची प्रत मिळालेल्या युरोपीय वंशाच्या प्रौढांचे वजन सरासरी सुमारे ३ किलो जास्त भरले. पण बदल जनुकाच्या अशा भागात होता की ज्यातून प्रथिन बनतच नाही. २०१५ मध्ये मेलिना क्लाउस्निट्झर आणि सहकाऱ्यांनी एक उलगडा मांडला. एका जागी टी या अक्षराऐवजी सी आले की एआरआयडी-५बी हे दडपणारे प्रथिन तिथे नीट बसू शकत नाही. त्यामुळे लाखो अक्षरे दूर असलेली आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ ही जनुके मोकाट सुटतात, आणि कोवळी मेदपेशी उष्णता देणारी होण्याऐवजी साठवण करणारी होते. तंतुकणिकांची उष्णतानिर्मिती पाचपटीने घटलेली दिसली. रुग्णाच्या पेशीतले ते एक अक्षर क्रिस्पर या जनुकसंपादन तंत्राने दुरुस्त केल्यावर ती सातपटीने वाढली. आजवर बोट ठेवले जात होते त्या एफटीओकडे बहुधा फक्त जागेची मालकी होती!

हा प्रयोग देखणा आहे, पण तो बशीतल्या पेशींवरचा आहे. स्कॉटलंडमधील मुलांच्या २००८ च्या अभ्यासात जोखमीची प्रत असलेल्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च कमी नव्हता, ती मुले जास्त ऊर्जेचे अन्न खात होती. आयआरएक्स-३ मेंदूतही काम करते. त्यामुळे वजनवाढीचा उगम मेदात मानायचा की भुकेत, हा वाद मिटलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की भारतीयांत एफटीओमधील हे बदल टाइप २ मधुमेहाशीही निगडित आहेत, आणि तो संबंध निव्वळ वजनवाढीने पूर्णपणे उलगडत नाही.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला लावताना तापमान पाहावे लागते. १९९७ मध्ये यूसीपी-१ नसलेले उंदीर तयार केले तेव्हा ते थंडीत गारठले, पण लठ्ठ झाले नाहीत, आणि अनेकांची निराशा झाली. प्रयोगशाळेतली सुमारे २२ अंशांची खोली उंदराला थंडच असते, तिथे ऊब टिकवण्यासाठी तो दुसऱ्या मार्गांनी ऊर्जा खर्चत राहतो. २००९ मध्ये तेच उंदीर सुमारे ३० अंशांत ठेवल्यावर मात्र लठ्ठ झाले. माणूस कपडे आणि घर यांमुळे बहुतेक वेळ उबदारच असतो. शिवाय त्याच्याकडे हा मेद थोडा असतो, आणि वय व वजन वाढते तसा तो आणखी कमी दिसतो.

म्हणून माणसात तपकिरी मेदाचे महत्त्व वजन उतरवण्यापेक्षा रक्तातील साखर आणि चरबी ओढून घेण्यात अधिक असावे. न्यूयॉर्कमध्ये ५२,००० हून अधिक रुग्णांच्या स्कॅनचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १० टक्के लोकांत हा मेद दिसला. त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचे प्रमाण ४.६ टक्के होते, तर इतरांत ९.५ टक्के. लठ्ठ असूनही तो मेद बाळगणाऱ्यांतही हा फरक टिकून होता. अर्थात हे निरीक्षण आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यातून ठरत नाही.

औषधांच्या बाजूने प्रगती संथ आहे. अतिसक्रिय मूत्राशयासाठी दिले जाणारे मिराबेग्रॉन २०० मिलिग्रॅमच्या मोठ्या मात्रेत तपकिरी मेद जागा करते, पण नाडीचे ठोके आणि रक्तदाबही वाढवते. माणसाच्या तपकिरी पेशीत बीटा-३ पेक्षा बीटा-२ ग्राहक महत्त्वाचा असल्याचे पुरावेही पुढे आले आहेत. तसे असेल तर उंदरांवर बेतलेली औषधे चुकीचे दार ठोठावत होती. दुसरी वाट पेशींची आहे. २०२० मध्ये बोस्टनच्या जॉसलिन मधुमेह केंद्रातील गटाने माणसाच्या पांढऱ्या मेदाच्या पूर्वज पेशींत क्रिस्परच्या साह्याने यूसीपी-१ चे वाचन वाढवले आणि त्या पेशी उंदरांत रोपल्या. चरबीयुक्त आहारावरील त्या उंदरांचे वजन कमी वाढले आणि साखर हाताळण्याची क्षमता सुधारली.