हात मोकळे, पण मेंदू गुंतलेला

नुकताच वाहनपरवाना मिळालेल्या मुलाला किंवा मुलीला गाडी चालवताना फोनवर बोलू नकोस असे सांगितले, की हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे, "अगं आई, फोन हातात कुठे असतो? हेल्मेटमध्ये ब्लूटूथ आहे." हे उत्तर उद्धटपणाचे नाही. पुष्कळ मोठ्या माणसांचाही तसाच प्रामाणिक समज आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या धोकादायक वाहनचालनाविषयीच्या कलम 184 मध्ये 2019 साली जी भर पडली तीही हातात धरलेल्या उपकरणांबद्दलच असल्यामुळे तो अधिकच पक्का होतो. म्हणूनच या मुलांना दंडाची भीती घालण्याऐवजी मेंदूत काय घडते ते समजावून सांगावे, असे मला मनापासून वाटते.

डोळे रस्ता पाहत असताना कान बोलणे ऐकू शकतात आणि हात हँडल धरून ठेवू शकतात. परंतु 'आता काय करायचे' हे ठरवण्याचे काम मेंदू बहुतांशी एका वेळी एकच हाती घेतो. लोकलच्या स्थानकावर तिकिटाची एकच खिडकी उघडी असावी, तशी ही व्यवस्था आहे. दोन संकेत पाठोपाठ आले आणि दोन्हींना वेगवेगळा प्रतिसाद द्यायचा असला, तर दुसऱ्याचा प्रतिसाद लांबतो, आणि त्यांमधले अंतर जितके कमी तितका हा विलंब वाढतो. मानसशास्त्रज्ञ टेलफर्ड यांनी 1931 साली याची नोंद केली आणि मानसशास्त्रज्ञ वेलफर्ड यांनी 1952 मध्ये त्यामागे एकमार्गी निर्णयव्यवस्था असल्याचे मांडले. संकेत ओळखणे हा पहिला टप्पा आणि स्नायूंची हालचाल हा तिसरा, हे दोन्ही दुसऱ्या कामाबरोबर समांतर चालू शकतात. अडते ते मधल्या, निवडीच्या टप्प्यावर. ब्रेक दाबणे अंगवळणी पडलेले असले तरी त्याची यातून सुटका होत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाहनचालनाच्या कृत्रिम संचावर बसलेल्यांना संकेत एकदा मिळाला की दोनदा, एवढेच सांगायचे होते. तेवढ्यानेही त्यांचे ब्रेक लावणे सुमारे 0.17 सेकंदाने लांबले. ताशी 60 किलोमीटर वेगाने पूर्व द्रुतगती महामार्गावर जाणारी दुचाकी एवढ्या वेळात जवळजवळ 3 मीटर पुढे जाते, आणि मैत्रिणीशी रंगलेले भांडण हे एक-दोन मोजण्यापेक्षा कितीतरी जड काम आहे.

विलंबापेक्षाही मला अधिक धास्ती वाटते ती न दिसण्याची. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, हँड्सफ्री फोनवर बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर स्थिरावल्याची यंत्राने नोंद झाली होती, तरीही नंतर तेच फलक ओळखणे, फोनवर न बोलता गाडी चालवण्याच्या तुलनेत, अवघड गेले. नजर समोर असूनही लक्ष नसेल, तर सिग्नल तोडून धावत आलेला पादचारी जाणिवेपर्यंत पोहोचतच नाही. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधून या धोक्यात तिळमात्र फरक पडत नाही, आणि नव्या पिढीला एकाच वेळी अनेक कामे जमतात या जाहिरातीतल्या कौतुकालाही शास्त्रीय आधार नाही.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणेही तितकेच घातक का नाही, असे मुले विचारतात, आणि हा प्रश्न योग्य आहे. सोबतच्या प्रौढ माणसाला रस्ता दिसत असतो, त्यामुळे वळण किंवा गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो, कधी सावधही करतो. फोनवरील व्यक्तीला यातले काहीच कळत नाही. सोबत समवयस्क मित्र असले तर मात्र चित्र बदलते. 2011 सालच्या एका अभ्यासात, मित्र पाहत आहेत हे कळल्यावर किशोरांनी वाहनचालनाच्या खेळात अधिक धोके पत्करले आणि त्यांच्या मेंदूतील बक्षिसाला प्रतिसाद देणारे भाग अधिक सक्रिय झाले. प्रौढांमध्ये असे आढळले नाही.

या संवादात पालकांनाही एक गोष्ट सोडावी लागेल. मूल रस्त्यावर असताना "कुठे पोहोचलास?" असे विचारणारा फोन आपलाच असतो, आणि आईबाबांचा फोन न उचलण्याचे धाडस त्याला होत नाही. निघताना त्याने एक संदेश पाठवावा, फोन शांत करून डिकीत ठेवावा, पोहोचल्यावर दुसरा संदेश पाठवावा आणि मधल्या वेळात घरातून कोणीही फोन करू नये, असे दोन्ही बाजूंनी ठरवून घेता येते. वाहतूक खोळंबून उशीर झालाच, तर त्याबद्दल रागावायचे नाही, हेही त्याच वेळी कबूल करावे.