न मोजलेल्या मासळीचा हिशोब कसा लावतात?

मासेमारीच्या आकडेवारीत एक फार साधी गोष्ट घडते आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कोष्टकात एखाद्या देशासमोर, एखाद्या वर्षाखाली नुसती आडवी रेघ असते, म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही'. पुढे कुणीतरी ते कोष्टक एक्सेलमध्ये घेतं, बेरीज मारतं, आणि त्या रेघेचं आपोआप शून्य होतं. कागदावर त्या किनाऱ्यावर त्या वर्षी एकही मासा पकडला गेला नाही! प्रत्यक्षात तिथे हजारो माणसं रोज मासे पकडत होती, खात होती, विकत होती, फक्त वही घेऊन त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं इतकंच.

जगभरच्या समुद्री मासळीचे आकडे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना म्हणजे एफएओ १९५० पासून गोळा करतेय. पण एफएओ स्वतः बंदरावर जाऊन मासे मोजत नाही, प्रत्येक देश जे कळवेल ते घेते. आणि देशांचं लक्ष साहजिकच जिथे पैसा आणि कर आहे तिकडे असतं, म्हणजे मोठ्या बोटी, मोठी बंदरं, निर्यात होणारा माल. घरी खाण्यापुरते मासे धरणारे, ओहोटीला खडकांवर शिंपले-खेकडे वेचणाऱ्या बायका (याला तर बऱ्याच ठिकाणी मासेमारी म्हणतच नाहीत), सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारे हौशी लोक, आणि ट्रॉलरवरून मेलेला-अर्धमेला परत समुद्रात फेकलेला नको असलेला माल, हे सगळं या जाळ्यातून निसटतं. चोरून केलेली मासेमारी तर सोडूनच द्या.

मग याचा अंदाज लावायचा कसा? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल पॉली आणि डर्क झेलर यांच्या 'सी अराउंड अस' गटाने यासाठी जी पद्धत वापरली तिला पुनर्रचना म्हणता येईल. आधी अधिकृत आकडे घ्यायचे, मग त्यात काय काय आलेलं नाही ते शोधायचं, आणि मग त्या गाळलेल्या गोष्टींबद्दल जिथे मिळेल तिथून माहिती उकरून काढायची. जुना सरकारी अहवाल, कुणाचातरी प्रबंध, घरोघरी किती मासे खाल्ले जातात याची पाहणी, होड्यांची गणती, आयात-निर्यातीची कागदपत्रं, काहीही चालतं. समजा एखाद्या बेटावर एका वर्षी पाहणी झाली आणि माणशी वर्षाला अमुक किलो मासे खाल्ले जातात असं कळलं, की त्याला लोकसंख्येने गुणायचं, बाहेरून आलेला माल वजा करायचा, निर्यात मिळवायची, त्या वर्षाचा आकडा मिळाला. असे दोन-चार पक्के खुंटे मिळाले की मधली वर्षं लोकसंख्या, होड्यांची संख्या वगैरे बघून भरून काढायची. मधले आकडे अंदाजेच असतात, पण शून्यापेक्षा खऱ्याच्या कितीतरी जवळ असतात.

असं काम देशोदेशीच्या शेकडो लोकांना घेऊन वर्षानुवर्षं चाललं आणि २०१६ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात जगाचा एकत्रित आकडा आला. एफएओच्या हिशोबाने १९९६ साली जगातली समुद्री मासळी सर्वाधिक, ८.६ कोटी टन होती, पुनर्रचनेत तोच आकडा जवळपास १३ कोटी टन निघाला. पण माझ्या मते खरी बातमी त्यानंतरच्या उताराची आहे. अधिकृत आकड्यांत १९९६ नंतर दरवर्षी साधारण ३.८ लाख टनांची घट दिसते, म्हणजे जवळपास स्थिरच म्हणा ना. पुनर्रचनेत ती घट वर्षाला १२ लाख टनांच्या वर आहे.

आणि उतार झाकला कसा जातो तेही बघण्यासारखं आहे. समजा एखाद्या देशाने मोजणी सुधारली आणि आजवर वगळलेल्या छोट्या होड्या यंदापासून मोजायला लागला. चांगलंच झालं की. पण मागची वर्षं तशीच ठेवली तर आलेखात मासळी वाढल्यासारखी दिसते, खरं तर समुद्रात ती कमी होत असली तरी. म्हणजे चांगली मोजणी सुरू केल्यामुळेच चित्र चुकतं, जोवर मागचं कुणी दुरुस्त करत नाही तोवर.

कधीकधी तर थेट आकाशातून मोजणी होते. पर्शियन आखातात किनाऱ्यालगत उथळ पाण्यात कुंपणासारखे मोठे सापळे उभे करतात, त्यांना हदरा म्हणतात. भरतीला मासे किनाऱ्याकडे येतात, पाणी उतरायला लागलं की कुंपणाच्या कडेकडेने खोल पाण्याकडे निघतात आणि टोकाच्या खोप्यात अडकतात, मग माणूस जाऊन गोळा करतो. हे सापळे इतके मोठे असतात की गूगल अर्थवर स्पष्ट दिसतात. तर संशोधकांनी किनारा स्क्रोल करत करत ते मोजले, जिथे चित्र धूसर होतं तिथे किती सुटले असतील याचा हिशोब धरला, आणि २००५ साली साधारण १,९०० सापळे होते असा अंदाज काढला. त्याला एका सापळ्याचं रोजचं उत्पन्न आणि हंगामाचे दिवस यांनी गुणलं तर मासळी ३१ हजार टनांपर्यंत जाते, आणि त्या देशांनी कळवलेला आकडा होता ५,२६० टन! सहापट. शार्कच्या बाबतीत असाच हिशोब बाजाराकडून उलटा लावला गेला. हाँगकाँगच्या व्यापारात शार्कचे किती पर (पोहायचे पंखे) येतात त्यावरून मागे जात २००६ च्या एका शोधनिबंधात वर्षाला २.६ ते ७.३ कोटी शार्क मारले जातात असा अंदाज निघाला, वजनात बघितलं तर एफएओच्या आकड्याच्या तीन-चार पट.

आता हौशी मासेमारांकडे येऊ, कारण खरी डोकेदुखी तिथे आहे. हे लोक लिलावात माल आणत नाहीत, त्यांची पावती फाटत नाही, लाखो लोक हजारो जागी विखुरलेले असतात, कुणी धक्क्यावर, कुणी स्वतःच्या बोटीत, कुणी पुलावरून. म्हणून त्यांची मासळी दोन तुकड्यांत मोजतात. एकूण किती फेऱ्या झाल्या, आणि एका फेरीत सरासरी किती मासे मिळाले, मग गुणाकार. दुसरा तुकडा त्यातल्या त्यात सोपा, माणूस धक्क्यावर उभा राहतो, येणाऱ्याला थांबवतो, मासे मोजतो, लांबी घेतो. तरी त्यातही मेख आहे, जो आठवड्यातून चारदा येतो तोच तुम्हाला भेटण्याची शक्यता जास्त, आणि तो बहुधा तरबेज असतो. शिवाय ज्यांचा खाजगी धक्का घराच्या मागेच आहे ते भेटतच नाहीत.

पहिला तुकडा, म्हणजे फेऱ्या, हा मात्र लोकांच्या आठवणीवर चालतो आणि आठवण म्हणजे काय ते आपल्याला माहीतच आहे. लोक पाच, दहा, वीस असे गोल आकडे सांगतात, तीन महिन्यांपूर्वीची मस्त फेरी 'गेल्याच महिन्यात' म्हणून मोजतात.

अमेरिकेत याचा अख्खा इतिहास घडलाय. तिथे अनेक वर्षं किनारी भागातल्या घरांना लँडलाइनवर फोन करून विचारायचे. लँडलाइन गेल्या, लोक अनोळखी फोन उचलेनात, २००६ साली नॅशनल रिसर्च काउन्सिल या वैज्ञानिक सल्लागार संस्थेने या पद्धतीवर कडक टीका केली आणि शेवटी २०१८ पर्यंत फोन पूर्ण बंद करून पोस्टाने प्रश्नावली पाठवायला लागले. तर फेऱ्यांचा अंदाज एकदम काही पटींनी वाढला. फोन जो उचलेल तो 'आमच्याकडे कुणी मासे पकडत नाही' म्हणून मोकळा व्हायचा, कागद घरात आल्यावर मात्र सगळ्यांना विचारून भरता येतो. मग १९८१ पासूनचे जुने आकडेही नव्या मापाला जुळवून घेतले. आता तुम्ही म्हणाल की इतके जास्त मासे पकडले म्हणजे समुद्रातले साठे आणखी वाईट अवस्थेत असणार. पण समुद्रात किती मासे आहेत याचा अंदाज लावणारं गणिती मॉडेल बऱ्याचदा उलटं सांगतं, इतकी वर्षं इतकी मासळी काढूनही साठा टिकला त्याअर्थी तो मुळात मोठा असला पाहिजे.

एवढं सगळं होऊन २०२३ मध्ये नोआ या त्यांच्या सरकारी संस्थेने जाहीर केलं की हा नवा आकडाही बहुधा जास्त येतोय. कारण काय, तर प्रश्नांचा क्रम. प्रश्नावलीत आधी गेल्या दोन महिन्यांच्या फेऱ्या आणि मग गेल्या बारा महिन्यांच्या फेऱ्या विचारल्या होत्या. ज्याला मासेमारीचं वेड आहे पण या दोन महिन्यांत जमलं नाही, त्याला शून्य लिहायला जिवावर येतं हो, तो आधीच्या फेऱ्या तिथेच घुसवतो. काहींनी तर दोन महिन्यांत बारा महिन्यांपेक्षा जास्त फेऱ्या लिहिल्या होत्या! छोट्या चाचणीत नुसता क्रम उलटा केला तर किनाऱ्यावरच्या आणि खाजगी बोटींच्या फेऱ्यांचा अंदाज साधारण ३० ते ४० टक्क्यांनी उतरला. आणि याच आकड्यांवर पुढे कुणाला किती मासे पकडू द्यायचे हे ठरतं, त्यामुळे भांडणं किती होत असतील विचार करा.

पकडून सोडून दिलेल्या माशांचा वेगळाच घोळ. खोल पाण्यातला रेड स्नॅपर पटकन वर ओढला की दाब कमी होऊन त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडातून बाहेर येतं, सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, तरंगत राहतो. पकडणाऱ्याच्या लेखी तो 'सोडला', साठ्याच्या लेखी गेला. किती टक्के मरतात हे खोली, हंगाम, माशाची जात यांवर अवलंबून, म्हणजे अंदाजात आणखी एक अंदाज.

जगाच्या एकूण हिशोबात हौशी मासळी साधारण एक टक्का, म्हणून दुर्लक्ष करावं वाटतं. पण ही सरासरी फसवी आहे. अमेरिकेत २००४ च्या एका अभ्यासात, ज्या जातींची स्थिती चिंताजनक होती त्यांच्यापुरतं बघितलं तर मेक्सिकोच्या आखातात किनाऱ्यावर आलेल्या मासळीतला ६४ टक्के वाटा हौशी लोकांचा होता.

पुनर्रचनेवर टीका भरपूर झालीय, आणि काही रास्त आहे. दोन खुंट्यांमध्ये सरळ रेघ ओढली म्हणजे ते सत्य होत नाही, आणि तज्ज्ञाने भरलेला आकडा पुढे मोजलेल्या आकड्यासारखाच कोष्टकात जाऊन बसतो, वेगळा ओळखू येत नाही. शिवाय चूक नेहमी कमी मोजण्याचीच असते असंही नाही. रेग वॉटसन आणि पॉली यांनी २००१ मध्ये दाखवलं की चीनचे आकडे फुगवलेले होते, कारण स्थानिक अधिकाऱ्यांची बढती उत्पादनवाढीवर अवलंबून होती, आणि त्या फुगवट्यामुळे अख्ख्या जगाची मासळी वाढतेय असं वाटत होतं.

माझं म्हणाल तर एकाच पद्धतीचा आकडा, मग तो कितीही दशांश चिन्हांसकट आला तरी, मी जपूनच घेतो. न्यूझीलंडने २०११-१२ मध्ये घरोघरी जाऊन सात हजारांवर मासेमार निवडले आणि वर्षभर त्यांना एसएमएस करून 'या आठवड्यात गेला होतात का' असं विचारत राहिले, म्हणजे आठवणीवर भार कमीत कमी. त्याच काळात उत्तरेकडच्या किनाऱ्यावर विमानातून होड्या मोजल्या जात होत्या आणि बोटी उतरवायच्या जागी माणसं मासे मोजत होती. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेल्या या दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा ते बऱ्यापैकी जुळले.