पन्नाशीची रेषा : ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी प्रौढ आणि न्यूमोकोकसची लस

ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2020 पासून लागू झालेल्या वेळापत्रकाने न्यूमोकोकसची (न्यूमोनियासारखे आजार करणाऱ्या जंतूची) मोफत लस इतर नागरिकांसाठी सत्तरीपासून ठेवली. अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट द्वीपवासी, म्हणजे मूलनिवासी, प्रौढांसाठी मात्र पन्नाशीपासून. ही वीस वर्षे म्हणजे सवलत नव्हे. या समाजांत मधुमेह, मूत्रपिंडाचे आणि फुप्फुसांचे जुनाट आजार फार लवकर गाठतात, त्यात धूम्रपानाची भर पडते आणि दाटीवाटीच्या घरांत लहान मुलांच्या नाकातला हा जंतू मोठ्यांपर्यंत सहज पोचतो. सत्तरीची वाट पाहणारा कार्यक्रम इथे आजारानंतर पोचला असता.

लसीचा उगम मात्र ऑस्ट्रेलियाबाहेरचा. रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांवर केलेल्या चाचण्यांनंतर 1977 मध्ये अमेरिकेत 14 प्रकारांची, म्हणजे या जंतूच्या 14 प्रकारांविरुद्धची, लस मंजूर झाली. त्याच सुमारास पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ टारी भागातल्या चाचणीत, लस घेतलेल्या प्रौढांमध्ये न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाल्याचे दिसले. पुढे 1983 मध्ये 23 प्रकारांची लस आली : अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसमध्ये प्रत्येक प्रकाराच्या कवचातली 25 मायक्रोग्रॅम शर्करा. ऑस्ट्रेलियाचा प्रौढ कार्यक्रम दोन दशके हिच्यावरच चालला.

सुरुवात 1995 मध्ये क्वीन्सलँडच्या सुदूर उत्तरेत झाली. त्या यशावर 1999 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला : पन्नाशीवरच्या सर्व मूलनिवासींना, आणि 15 ते 49 वयोगटात ज्यांना जोखमीचा आजार आहे त्यांना, फ्लूच्या लसीच्या जोडीने. नॉर्दर्न टेरिटरीने तर वयाची अट 15 पर्यंत खाली आणली. इतर ज्येष्ठांना, तेही 65 नंतर, मोफत लस मिळायला 2005 उजाडले.

कागदावर हे चोख दिसते. प्रत्यक्षात अडचण त्या 15 ते 49 च्या मधल्या गटाची. पन्नाशी जन्मतारखेवरून कळते. पण पस्तिशीतल्या माणसाचा मधुमेह कुणीतरी तपासून, नोंदवून, लसीशी जोडावा लागतो. तो दवाखान्यात आला तरी पायाची जखम दाखवायला येतो, लस घ्यायला नव्हे. राष्ट्रीय सर्वेक्षणांत पन्नाशीवरच्यांमध्येही मागच्या पाच वर्षांत ही लस घेतल्याचे सांगणारे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच राहिले.

दुसरी अडचण खुद्द लसीची. नुसत्या शर्करेला प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी प्रतिसाद देतात, त्यांना साथ देणाऱ्या टी-पेशी नाही. त्यामुळे शरीरात या जंतूची स्मृती तयार होत नाही, प्रतिपिंडे काही वर्षांत ओसरतात आणि डोस पुन्हा द्यावा लागतो. पुन्हा दिला की आधीची प्रतिपिंडे सुईच्या जागीच शर्करेशी भिडतात. एक-दोन दिवसांत दंड लाल, गरम होतो, कधी कोपरापर्यंत सुजतो. ही सूज जंतुसंसर्गासारखी दिसते, म्हणून नाहक प्रतिजैविके दिली जातात. अंतर पाच वर्षांपेक्षा कमी असेल तर हे जास्त घडते, आणि अंतर कमी पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हरवलेली नोंद. माणूस एका वस्तीत डोस घेतो, नातेवाइकांकडे दुसऱ्या वस्तीत जातो, तिथल्या फायलीत काही नसते, म्हणून पुन्हा टोचतात. असा दंड एकदा सुजला की पुढच्या वेळी घरातली बाकीची माणसेही नको म्हणतात. 2011 च्या मार्चमध्ये अशा तक्रारींमुळे या लसीची एक बॅच परत मागवली गेली, एप्रिलमध्ये नियामकांनी दुसरे डोस थांबवायला सांगितले आणि पुनर्लसीकरणाचा सल्ला नव्याने तपासला गेला.

प्रौढांच्या नोंदीची राष्ट्रीय सोय त्यानंतरही पाच वर्षांनी आली. 1996 ची राष्ट्रीय लसीकरण नोंदवही फक्त मुलांची होती; ती सर्व वयांसाठी खुली झाली 30 सप्टेंबर 2016 ला. आमच्या मते सूज आणि नकार यांच्या मुळाशी लसीइतकाच हा उशीर आहे.

मुलांचा मार्ग वेगळा. मूलनिवासी बाळांना 7 प्रकारांची कॉन्ज्युगेट लस 2001 पासूनच मिळू लागली. हिच्यात शर्करा प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे स्मृती तयार होते आणि नाकातला जंतूही कमी होतो. मात्र ते सात प्रकार हटले तशी मोकळी जागा इतरांनी घेतली, म्हणून प्रौढांना आयते संरक्षण अपुरे पडले.

प्रौढांपर्यंत कॉन्ज्युगेट लस राष्ट्रीय कार्यक्रमातून पोचली ती 2020 मध्ये. त्या वेळापत्रकाचा क्रम असा होता : आधी 13 प्रकारांची कॉन्ज्युगेट. साधारण 12 महिन्यांनी, किमान 2 महिन्यांनी, 23 प्रकारांची. तिचाच दुसरा डोस आणखी किमान 5 वर्षांनी. 23 ची लस आयुष्यात दोनदाच. हा क्रम उलटा करायचा नव्हता, कारण आधी नुसती शर्करा दिली तर कॉन्ज्युगेटचा प्रतिसाद मंदावतो. 23 ची आधीच घेतली असेल तर 13 साठी 12 महिने थांबायचे होते. म्हणून सिरिंज भरण्याआधी नोंदवहीत तीन गोष्टी बघाव्या लागत : कोणती लस, कितवा डोस, कोणती तारीख. या क्रमानुसार जुलै 2020 मध्ये पहिला डोस घेऊन 12 महिन्यांचे अंतर पाळलेल्याचा तिसरा डोस जुलै 2026 च्या आधी येत नाही.