इंजेक्शन तेच, भाव सातशेपट

2025 मध्ये एकाच औषधाच्या दोन बातम्या आल्या. औषध लेनाकापाविर, वर्षातून दोनदा टोचून घेतलं की एचआयव्हीची लागण जवळपास टळतेच. जूनमध्ये अमेरिकेत त्यासाठी मंजुरी मिळाली तेव्हा किंमत होती वर्षाला 28,218 डॉलर. सप्टेंबरमध्ये कळलं की डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्या हेच औषध 2027 पासून 120 देशांत वर्षाला साधारण 40 डॉलरला देणार. लगेच लोक म्हणायला लागतात की एवढं स्वस्त म्हणजे माल हलकाच असणार! अहो, रेणू तोच असतो. फरक पडतो तो पेटंटचा.

पण एचआयव्हीत किंमत एवढी जीवघेणी का ठरते हे समजायला विषाणूच्या आत डोकवावं लागतं आणि मला खरी मजा इथेच येते. हा विषाणू पेशीत शिरला की आपल्या आरएनएचा डीएनए बनवतो, त्यासाठी त्याच्याकडे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम असतं, आणि ते म्हणजे बॅकस्पेस नसलेल्या कीबोर्डवर भराभर टाइप करणारा माणूस, चूक झाली तर झाली. मजकूर जेमतेम 10 हजार अक्षरांचा, पण उपचार नसलेल्या रुग्णात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, त्यामुळे एका अक्षराची शक्य असलेली जवळपास प्रत्येक चूक रोज कुठेतरी होऊन जाते. या एन्झाइमला अडवणाऱ्या लॅमिव्ह्युडिन या औषधाचंच बघा. या एन्झाइमच्या साखळीत 184 नंबरच्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की औषध जवळपास निकामी, आणि त्याला एक अक्षर बदललं तरी पुरतं. म्हणून एकटं औषध काही आठवड्यांतच हरतं. तीन औषधं एकदम दिली तर तिन्हींना चकवणाऱ्या चुका एकाच विषाणूत एकाच वेळी व्हाव्या लागतात, ते जवळपास अशक्य, शिवाय विषाणूची वाढच थांबल्यामुळे टायपिंगही बंद.

मात्र काही पेशींच्या डीएनएत विषाणू गुपचूप झोपून राहतो, झोपलेल्या विषाणूवर ही औषधं चालत नाहीत. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत परत दिसतो. म्हणजे औषध जन्मभर आणि तिन्ही एकत्र. पैसे नाहीत म्हणून तीनपैकी एकच घेतलं तर विषाणूला आयता सराव मिळतो. (एचआयव्हीवर लसूण आणि बीट खा असं सांगणाऱ्या आरोग्यमंत्री दक्षिण आफ्रिकेत होऊन गेल्या, त्यावर काय बोलणार!)

1996 च्या सुमारास हे तिहेरी उपचार आले तेव्हा खर्च होता माणशी वर्षाला 10 ते 15 हजार डॉलर. श्रीमंत देशांत मृत्यू धडाधड कमी झाले, आफ्रिकेत लोक मरतच राहिले. त्यात आणखी एक गोची होती, स्टॅव्हुडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन ही तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची, मग एका गोळीत घालणार कोण? भारतात 1970 च्या कायद्यामुळे औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. म्हणून सिप्ला या भारतीय कंपनीला तिन्ही एका गोळीत घालता आली, आणि फेब्रुवारी 2001 मध्ये कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी एमएसएफ या डॉक्टरांच्या मदत संस्थेला या तिकडीचा भाव सांगितला, वर्षाला 350 डॉलर, रोजचा एक डॉलरसुद्धा नाही. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर ही एका गोळीतली तिकडी गरीब देशांना वर्षाला 45 डॉलरच्या आत मिळते, आणि अमेरिकेत पेटंटवाल्या गोळीची छापील किंमत 40 हजार डॉलरच्या वर जाते.

सगळ्यात वाईट अडकतात ते मधले देश. लेनाकापाविरच्या चाचण्यांसाठी ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरूतल्या लोकांनी इंजेक्शनं टोचून घेतली, आणि स्वस्त जेनेरिकच्या त्या 120 देशांत या चौघांचं नाव नाही, कारण काय तर ते पुरेसे गरीब नाहीत. ब्राझीलने 2007 मध्ये एफाव्हिरेन्झ या एचआयव्हीच्या औषधावर सक्तीचा परवाना काढून, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय, भारतातून जेनेरिक आणलं होतं, जागतिक व्यापार संघटनेच्या 2001 च्या दोहा जाहीरनाम्यानुसार तो हक्क तिच्या सगळ्या सदस्य देशांना आजही आहे.