गॉडझिला आणि हिशोबात न धरलेलं लिथियम

गॉडझिला म्हटलं की रबरी सूट घातलेला माणूस खेळण्यातल्या इमारती तुडवतोय, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. पोरांचा सिनेमा! पण इशिरो होंडा यांचा ३ नोव्हेंबर १९५४चा मूळ जपानी चित्रपट सुरू होतो तो एका बोटीवर. खलाशी निवांत बसलेत, अचानक समुद्र पांढराफेक उजळतो आणि बोट पेट घेते. हे काय आहे, ते तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही.

आठच महिन्यांपूर्वी, १ मार्चला, अमेरिकेने बिकिनी बेटांवर 'कॅसल ब्राव्हो' हा हायड्रोजन बॉम्ब फोडला होता. अंदाज होता साधारण ६ मेगाटनचा (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी या स्फोटकाइतकी ताकद), निघाले १५. म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. घोळ कुठे झाला? इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण ही गंमत सिनेमापेक्षा भारी आहे.

बॉम्बचं इंधन होतं लिथियम आणि जड हायड्रोजन (ड्युटेरियम) यांचं संयुग. त्यातलं सुमारे ४० टक्के लिथियम-६, उरलेलं लिथियम-७ (त्याच मूलद्रव्याचा एक न्यूट्रॉन जास्त असलेला भाऊ). लिथियम-६वर न्यूट्रॉन आदळला की हेलियम आणि ट्रिटियम (ड्युटेरियमहून जड हायड्रोजन) मिळतं. ट्रिटियम ड्युटेरियमशी जुळलं की प्रचंड ऊर्जा सुटते. लिथियम-७ मात्र नुसती भर, असं गृहीत धरलं होतं. पण या संमीलनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा असते १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि लिथियम-७ फोडायला तीनएक दशलक्षच पुरतात! ते फुटलं की हेलियम, ट्रिटियम आणि वर एक न्यूट्रॉन परत. तो मंदावलेला न्यूट्रॉन पुढे लिथियम-६ला भिडला, तर आणखी एक ट्रिटियम. एका न्यूट्रॉनच्या भांडवलावर दोन ट्रिटियम. शिवाय या वेगवान न्यूट्रॉनांनी भोवतालचं युरेनियम-२३८ही फोडलं, आणि बहुतेक किरणोत्सारी घाण त्या विखंडनातून आली.

ती घाण भाजलेल्या प्रवाळाच्या पांढऱ्या राखेसोबत 'दाइगो फुकुर्यू मारू' या ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर बरसली. बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. तेवीस खलाशी, हातमोजे नाहीत की काही नाही. १४ मार्चला ते याइझू बंदरात परतले. त्यांचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. बाजारातले मासे फेकून द्यावे लागले. चित्रपटातला गॉडझिला अशाच हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला; त्यात लोकलमधली एक बाई वैतागून म्हणते ते हेच: आधी अणु-ट्यूना, मग किरणोत्सारी पाऊस, आणि आता हा गॉडझिला!

चित्रपटातल्या विज्ञानाबद्दल फार बोलू नये. त्यातले प्राध्यापक यामाने ज्युरासिक काळ २० लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. तो संपूनच चौदा कोटी वर्षं झाली. किरणोत्सर्गाने सरडे मोठे होत नाहीत, पेशी बिघडतात किंवा मरतात. (मोबाइलच्या पाठीवर 'रेडिएशनरोधक' चकत्या चिकटवणाऱ्यांनी हेही ऐकावं: फोनच्या लहरींत अणू फोडण्याचीच काय, त्यातला इलेक्ट्रॉन उडवण्याचीही ताकद नसते.) पण यामाने वाळूत स्ट्रॉन्शियम-९० सापडल्याचं सांगतात, तिथे लेखकाने अभ्यास केलेला दिसतो. आवर्तसारणीत स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या बरोबर खाली बसतं, म्हणून हाडं त्याला कॅल्शियम समजून आत घेतात. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे २९ वर्षं.

गॉडझिलाला मारतो तो डॉ. सेरिझावा. पाण्यातला ऑक्सिजन नष्ट करणारं अस्त्र त्याच्याकडे आहे, पण ते वापरण्याआधी तो आपली सगळी टिपणं जाळतो. आणि मग स्वतःची हवेची नळीही कापतो, कारण सूत्र त्याच्या डोक्यातही आहे.