घ्राणकंदातील उत्तेजक व निरोधक चेतापारेषक

घ्राणकंदात, म्हणजे नाकाचे संदेश प्रथम पोहोचतात त्या मेंदूच्या भागात, वासाचा संदेश पुढे धाडणारी आणि त्याला आवर घालणारी रसायने. पुढे धाडण्याचे काम मुख्यतः ग्लुटामेट करते, आवरण्याचे गाबा. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये नाकातील गंधग्राहींची (वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची) जनुके शोधली (नोबेल, २००४). तेव्हापासून ग्राहींचा बोलबाला आहे. मात्र वास वेगवेगळे ओळखू येण्यात गाबाचा वाटा मोठा आहे.

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये धणे, जिरे, हिंग यांची पोती एकमेकांना लागून असतात. धण्याच्या वासात लिनॅलूल प्रमुख, जिऱ्याच्या वासात क्युमिनाल्डिहाइड. माणसाकडे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही असून एकच रेणू त्यांतल्या अनेकांना जागे करतो, त्यामुळे संदेश एकमेकांत मिसळलेलेच येतात. (मिरचीचा ठसका यात धरू नये, तो चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या त्रिमुख चेतेमार्फत जाणवतो.)

एकाच प्रकारचा ग्राही असलेल्या पेशींचे तंतू घ्राणकंदात ठरावीक गुच्छांत, म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये, येऊन ग्लुटामेट सोडतात. त्याने संदेश पुढे नेणाऱ्या मायट्रल व टफ्टेड पेशी उत्तेजित होतात. गुच्छाभोवतीच्या काही पेशी गाबा व डोपामीन सोडून तंतूंच्या टोकांतून येणारे ग्लुटामेटच कमी करतात.

खरी गंमत खालच्या थरात आहे. तिथल्या ग्रॅन्यूल पेशींना संदेश दूर नेणारा अक्षतंतूच नसतो. मायट्रल पेशीची आडवी शाखा ग्रॅन्यूल पेशीच्या काट्यावर (तिच्या शाखेवरील बारीक फुगवट्यावर) ग्लुटामेट सोडते आणि तोच काटा त्याच जागी तिला गाबा परत करतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी, तीही शाखेतून शाखेत! गाबामुळे क्लोराइडची दारे उघडतात आणि मायट्रल पेशी शांत होते. शेजारच्या मायट्रल पेशींनाही याच वाटेने लगाम बसतो, आणि मिसळलेले संदेश वेगळे होण्यास मदत होते. विल्फ्रिड रॉल, गॉर्डन शेफर्ड व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही रचना मांडली.

दिवसभर पोती वाहणाऱ्या माथाडीला धण्याचा वास जाणवेनासा होतो, पण हिंगाचा डबा फोडला की लगेच कळते. सवयीचा काही भाग नाकातच घडतो, काही पुढे पिरिफॉर्म बाह्यकात, म्हणजे घ्राणकंदाचे संदेश जातात त्या मेंदूच्या भागात. तिथे सतत येणाऱ्या संदेशाचे ग्लुटामेट ते सोडणाऱ्या तंतूंच्याच टोकांवरील वेगळ्या ग्राहींना चिकटून पुढचा स्राव घटवते. म्हणजे उत्तेजक रसायनच ब्रेक लावते. म्हणून ‘उत्तेजक’, ‘निरोधक’ ही लेबले सैलच समजावीत. परिणाम समोरची पेशी आणि तिचे ग्राही ठरवतात. उंदराच्या घ्राणकंदात प्रौढपणीही नव्या ग्रॅन्यूल पेशी येत राहतात, आणि त्या कोवळ्या असताना गाबा त्यांना शांत न करता उत्तेजित करते.